बार्बाडोसला जहाज नऊ तास थांबणार: कंपनीची टूर न घेता स्वतः फिरता येईल का?

कंबरतलाव

नमस्कार मंडळी. जानेवारीत कॅरिबियन क्रूझ ठरली आहे, पोर्तो रिकोच्या सान हुआनहून सात रात्री. त्यात बार्बाडोसला सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबा आहे. आम्ही चौघं: मी, मिसेस, आई (वय ७१, गुडघे दुखतात, पण रमतगमत अर्धा-पाऊण किलोमीटर चालते) आणि मुलगा (वय १६, क्रिकेटवेडा).

जहाज कंपनीच्या टूर बघितल्या, माणशी ९० ते १२० डॉलर. चौघांचे पस्तीस-चाळीस हजार रुपये होतात, आणि त्यात बसमधून उतरा, फोटो काढा, परत चढा. आपलं आपण उतरून बेट बघता येईल का? गावातली बस कशी असते, टॅक्सीला किती द्यायचे, समुद्रावर आईला बसता येईल अशी जागा कुठली? आम्ही शाकाहारी आहोत. आणि मोठी भीती म्हणजे जहाज आम्हाला सोडून गेलं तर?

---

भुईकोट

येईल. स्वतः फिरायला सोप्या बेटांपैकी हे एक. राजधानी ब्रिजटाऊनला जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या बोटीतून ने-आण नाही, त्यामुळे आईंना उतरायला अडचण नाही. धक्क्यापासून टर्मिनल, टर्मिनलपासून गाव दीड किलोमीटर. भाषा इंग्रजी, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने. बेट ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलापूर ते अक्कलकोटपेक्षाही थोडं कमीच. पण या आकड्याला भुलू नका. रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत, दोन्ही बाजूंना ऊस, आणि गावाच्या तोंडाशी कोंडी.

सगळ्यात आधी वेळेचा हिशेब, आणि तो मागून पुढे मांडायचा.

५ ला जहाज सुटणार, म्हणजे प्रवाशांनी आत असायची वेळ ४:३०. काही कंपन्यांची ४. ही वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर आणि उतरताना दारापाशी लावलेल्या फलकावर असते. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. त्याच्या एक तास आधी, साडेतीनला, तुम्ही टर्मिनलच्या फाटकात हवेत. शेवटच्या ठिकाणाहून निघताना नेहमीच्या वेळेच्या दुप्पट धरायची: गाडीने वीस मिनिटं लागत असतील तर चाळीस. दुपारी तीननंतर शाळा सुटतात, मग ऑफिसं सुटतात, आणि त्याच वेळी बाकीच्या जहाजांच्या टूरबसही परततात. हिवाळ्यात चार-पाच जहाजं एकाच दिवशी उभी असतात.

दुसऱ्या टोकाला, ८ ला जहाज लागलं म्हणजे ८ ला उतरता येत नाही. बेटाचे अधिकारी कागद बघतात, परवानगी देतात, मग दार उघडतं. अर्धा-पाऊण तास धरा. पहिल्या लोंढ्यात कंपनीच्या टूरवाल्यांना सोडतात.

म्हणजे हातात उरले पावणेनऊ ते पावणेतीन, सहा तास. जाहिरातीतले नऊ तास डोक्यातून काढून टाका, निम्मं काम झालं.

जहाज कुणासाठी थांबतं? फक्त कंपनीच्या स्वतःच्या टूरची बस अडकली तर. तुमची टॅक्सी पंक्चर झाली तर थांबत नाही. म्हणून जिथून परतायला एकच रस्ता आणि तासाला एकच बस आहे, अशा जागी स्वतःच्या जबाबदारीवर जायचं नाही, किंवा गेलात तर सकाळी पहिल्यांदा. दुपारनंतर तुम्ही चालत धक्क्यापर्यंत पोचाल इतकंच लांब असायला हवं.

चुकलंच तर: कार्यक्रमपत्रिकेवर बंदर-एजंटचं, म्हणजे कंपनीचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाचं, नाव आणि फोन असतो. तेवढं कात्रण खिशात ठेवा. तुम्ही आत आला नाहीत हे चढता-उतरताना दाखवायच्या जहाजाच्या कार्डाच्या नोंदीवरून कळतं, मग बहुतेक जहाजांत कर्मचारी खोलीतली तिजोरी उघडून पासपोर्ट एजंटकडे ठेवून जातात. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान आणि हॉटेल तुमच्या खर्चाने. प्रवास विम्यात हे धरलंय का ते पॉलिसीत बघा. पुष्कळ पॉलिसींत विमान चुकण्याचं कलम असतं, जहाज चुकण्याचं नसतं.

घड्याळाबद्दल. सान हुआन आणि बार्बाडोस एकाच वेळेवर चालतात, दोघांकडेही उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. तुम्हाला त्रास नाही. पण हा धागा दुसरं कुणी वाचत असेल तर: मायामीहून उन्हाळ्यात निघालेलं जहाज मायामीचीच वेळ ठेवत असेल, तर जमैका आणि कोझुमेलची स्थानिक वेळ एक तास मागे असते. जहाजावर साडेचार, बेटावर साडेतीन. मोबाईल स्वतःहून बेटाची वेळ दाखवतो आणि माणसाला वाटतं अजून तास आहे. मोबाईलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. बेटावर वेळ फक्त त्यालाच विचारायची.

---

विजापूरवेस

भुईकोट मालकांनी वेळेचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो.

धक्क्यावरून टर्मिनलपर्यंत बंदराची बस फिरत असते, लांबचं जहाज असेल तर तीच घ्या. टर्मिनलमधून बाहेर पडलं की टॅक्सीवाले घेराव घालतील. एसटी स्टँडच्या बाहेर रिक्षावाले घालतात तसाच, त्याला घाबरायचं काही नाही ओ. हसून "गुड मॉर्निंग" म्हणा. हे तिथे फार महत्त्वाचं: कुणालाही काही विचारायच्या आधी गुड मॉर्निंग. थेट प्रश्न विचारला तर उर्मट समजतात आणि उत्तरही तसंच मिळतं.

चालत जाणार असाल तर प्रिन्सेस ॲलिस हायवेच्या कडेने गावाकडे. पंधरा मिनिटांवर प्रिन्सेस ॲलिस बस टर्मिनल लागतं, आणखी पुढे गेलात की केरीनेज, म्हणजे गावात घुसलेली बोटींची खाडी. तिच्यावरचा चेंबरलेन पूल आणि पलीकडची स्वातंत्र्याची कमान ओलांडली की बे स्ट्रीट, आणि तिथून दहा-पंधरा मिनिटांत कार्लाइल बेचा किनारा. एकूण तीन किलोमीटरच्या आत-बाहेर. केरीनेजच्या काठावरच संसदेची इमारत आहे, प्रवाळी दगडाची. समोरच्या नॅशनल हीरोज स्क्वेअरमधला ब्रिटिश दर्यासारंग नेल्सनचा पुतळा २०२० च्या नोव्हेंबरमध्ये काढला आणि पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरला देश प्रजासत्ताक झाला. जुनं गाव आणि लष्करी छावणीचा भाग मिळून २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तासाभरात बघून होतं.

आता बस. तीन प्रकार ओळखा. निळी, पिवळ्या पट्ट्याची ती सरकारी. पिवळी, निळ्या पट्ट्याची ती खासगी मिनीबस. आणि पांढरी, तांबड्या-किरमिजी पट्ट्याची व्हॅन, तिच्या नंबरप्लेटवर झेडआर असतं म्हणून तिला झेडआरच म्हणतात. आपल्याकडचं वडाप समजा: कोंबून भरणार, गाणी मोठ्याने, हात केला की थांबणार. भाडं तिन्हींचं एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठेही जा. म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर. सरकारी बसमध्ये नेमके सुटे बार्बाडोस डॉलर टाकावे लागतात, सुटे परत मिळत नाहीत. झेडआरवाला एक-एकच्या अमेरिकन नोटा घेतो.

बसथांब्याच्या गोल पाटीवर "टू सिटी" किंवा "आउट ऑफ सिटी" लिहिलेलं असतं. परतताना "टू सिटी" असलेल्या बाजूला उभं राहायचं. ही पाटी वाचली नाही म्हणून लोक उलट्या दिशेला जातात.

कुठली बस कुठून: पश्चिम किनाऱ्याने होलटाऊन, स्पाइट्सटाऊनला जाणाऱ्या प्रिन्सेस ॲलिसवरून, तुमच्या वाटेतच. दक्षिणेला आणि पूर्वेला जाणाऱ्या फेअरचाइल्ड स्ट्रीट टर्मिनलवरून, ते केरीनेजच्या पलीकडे. दक्षिण किनाऱ्याला ११ नंबरची झेडआर.

पूर्वेला बाथशेबा म्हणून गाव आहे, अटलांटिकच्या लाटा आणि समुद्रात उभे प्रचंड दगड, फोटो भारी येतात. पण सरकारी बसने एका बाजूला तासाभराच्या वर जातो, बस तासाला एखादी, आणि पाण्यात उतरायचं नाही, ओढ जीवघेणी. एका दिवसात ते आणि समुद्रस्नान दोन्ही जमवायला जाऊ नका.

---

जुळे_सोलापूर_२

वरचं सगळं बरोबर, पण ७१ वर्षांच्या बाईंना झेडआरमध्ये बसवायचा सल्ला मला पटत नाही. पायरी उंच, आत वाकून जावं लागतं, गाडी वळणावर वेग कमी करत नाही. सरकारी बस त्यातल्या त्यात ठीक; २०२० पासून विजेवर चालणाऱ्या नव्या बस आल्यात, त्यांची पायरी खाली आहे. पण कुठली बस येईल ते आपल्या हातात नाही. आणि गावातले फूटपाथ अरुंद, मध्येच संपणारे. टर्मिनल ते किनारा तीन किलोमीटर आहे, आणि आई चालतात पाऊण. हिशेब सरळ आहे: जाताना-येताना टॅक्सी, बाकी काटकसर दुसरीकडे करा.

टॅक्सीला मीटर नसतो. सरकारने दर ठरवलेत, टर्मिनलबाहेर टॅक्सी लावून देणारा माणूस असतो, त्याच्याकडे दरपत्रक मागायचं. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट झेडने सुरू होते. बसायच्या आधी चार गोष्टी तोंडाने बोलून घ्या: हा आकडा पूर्ण गाडीचा की माणशी; जाण्याचा की जाऊन-येऊन; थांबण्याचे वेगळे का; आणि डॉलर कुठले.

शेवटचा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका. बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, दोन बार्बाडोस म्हणजे एक अमेरिकन. ड्रायव्हर "फोर्टी" म्हणाला तर ते वीस अमेरिकन असू शकतात किंवा चाळीस. फसवणूकच असते असं नाही, तो आपल्या डॉलरमध्ये बोलतो आणि आपण आपल्या. दुकानात पाटीवर नुसतं डॉलरचं चिन्ह असेल तर ते बहुधा स्थानिक.

अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, पण सुटे स्थानिक मिळतात, आणि ती नाणी जहाजावर परतल्यावर कुणी घेत नाही. म्हणून पन्नास-शंभरच्या नोटा नेऊ नका. एक, पाच आणि दहाच्या, चौघांसाठी मिळून शंभरेक डॉलर पुष्कळ. कार्ड वापरताना मशीन रुपयांत पैसे कापू का विचारेल, नाही म्हणा. तो दर नेहमी महाग असतो.

भाड्याची गाडी कुणी सुचवेल. डावीकडून चालवतात म्हणून मोह होतो. परवाना तिथल्या गाडीवाल्याकडेच करून मिळतो, महाराष्ट्राचं कार्ड इंग्रजीत आहे तेही चालतं. पण गाडी ताब्यात घेणं आणि परत देणं यात सहा तासांतला एक तास जातो, आतल्या रस्त्यांना पाट्या कमी, आणि जहाज सुटायच्या दिवशी रस्ता चुकणं परवडत नाही. एकाच दिवसासाठी नकोच.

---

कंबरतलाव

मालक, अक्का, सगळ्यांचे आभार. टॅक्सीचं पटलं. आईसाठी हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा सुचवली होती कुणीतरी, ती जमेल का? आणि मुलगा एकच घोकतोय, केन्सिंग्टन ओव्हल. तिथे आत सोडतात का?

---

हुरडा_आणि_क्रिकेट

मुलगा शहाणा आहे.

केन्सिंग्टन ओव्हल फॉन्टाबेल भागात, टर्मिनलपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. गावाकडे जाणाऱ्या समुद्राकाठच्या रस्त्यावर नाही, थोडं आत वळावं लागतं, म्हणून ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घ्या. बाहेर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. वेस्ट इंडिजने आपल्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना इथेच खेळला, जानेवारी १९३० मध्ये. थ्री डब्ल्यूज स्टँड म्हणजे वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट, तिघेही याच बेटाचे. ग्रीनिज आणि हेन्स यांच्या नावाचा स्टँड आहे, मार्शल आणि गार्नर यांच्या नावाने गोलंदाजीची टोकं आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या तालुक्याएवढीही जागा नाही, आणि एवढी नावं एका बेटातून निघाली.

आणि अर्थात २९ जून २०२४, टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. भारत १७६ वर ७, दक्षिण आफ्रिका १६९ वर ८, सात धावांनी जिंकलो. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल आत फेकून परत घेतला ते हेच मैदान. चिरंजीवांना ती जागा बघितल्याशिवाय चैन पडणार नाही हे उघड आहे.

आत सोडण्याचं असं: कामकाजाच्या दिवशी मैदान दाखवण्याच्या फेऱ्या असतात, पण सामना, सराव किंवा कार्यक्रम असेल तर बंद. आधी ईमेल करून दिवस कळवा, जहाजाचं नाव आणि तारीख लिहा. रविवार किंवा सुट्टी आली तर बाहेरून पुतळा बघून समाधान मानावं लागेल. जवळच फॉन्टाबेलमध्येच क्रिकेट लेजंड्स ऑफ बार्बाडोस नावाचं छोटं संग्रहालय आहे, मैदान बंद असेल तर ते बघा.

एक सावधगिरी, आणि ही गंमत नाही. पोराची आर्मी प्रिंटची टोपी, बर्म्युडा, सॅक, काहीही असेल तर ते घरीच ठेवा. बार्बाडोसमध्ये सैनिकांशिवाय कुणीही त्या छपाईचं काही घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनाही. अँटिग्वा, सेंट लुसिया, ग्रेनाडा, डॉमिनिका, जमैका इथेही तोच नियम.

---

भुईकोट

गुहेबद्दल. हे बेट ज्वालामुखीचं नाही, शेजारच्या सेंट लुसियासारखं डोंगराळ नाही. जवळपास सगळ्या बेटावर प्रवाळी चुनखडीचा थर आहे, पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, म्हणून गुहा होतात, आणि म्हणूनच नळाचं पाणी पिण्यासारखं असतं. बाटल्या विकत घेऊ नका, जहाजावरून निघताना भरून घ्या.

हॅरिसन्स केव्ह गुडघ्यांसाठी सोयीची आहे: खाली जायला लिफ्ट, आत विजेची छोटी गाडी, बसल्या बसल्या दिसतं. हंट्स गार्डनही लोक सुचवतात, बाग सुंदर आहे, पण ती जमीन खचून झालेल्या खोलगट खड्ड्यात केलीये, पायऱ्याच पायऱ्या. आईंना नको.

पण गुहेची फेरी तासाभराची, तिकीट आधी वेळ ठरवून काढायचं, आणि टॅक्सीने दोन्ही बाजूंचे मिळून सव्वा ते दीड तास. म्हणजे पावणेनऊला निघालात तर तिथलं थांबणं धरून साडेबारापर्यंत गुहाच. त्यानंतर समुद्राला दोन तास, आणि ओव्हल गेलं. तिन्ही जमणार नाही. दोन निवडा.

आणि तिकीट काढाल तर जहाज आलंच नाही तर पैसे परत मिळतील असं लेखी असेल तरच. वादळ, जोराचा वारा, कुणी प्रवासी आजारी, अशा कारणांनी कप्तान बंदर गाळतो आणि कंपनी भरपाई म्हणून फक्त बंदराचा कर परत करते. जानेवारीत चक्रीवादळाचा हंगाम नसतो, तो जून ते नोव्हेंबर. विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे याच बेटावर अडकून पडला होता, आठवत असेल.

---

अक्कलकोट_रोड

कागदांबद्दल कुणी बोललं नाही.

भारतीय पासपोर्टला बार्बाडोससाठी व्हिसा लागत नाही. पण क्रूझमध्ये एकाच बेटाचा विचार करून चालत नाही. वाटेतल्या प्रत्येक बंदराची अट पूर्ण केली तरच कंपनी सान हुआनला जहाजावर चढू देते, तुम्ही त्या बेटावर उतरणार नसलात तरी. फ्रेंच बेटं, मार्टिनिक आणि ग्वादलूप, ही फ्रान्सचाच भाग आहेत पण शेंगेन हद्दीत नाहीत; साधा शेंगेन व्हिसा तिथे चालतो असं गृहीत धरू नका. बंदरांची यादी कंपनीला पाठवून भारतीय पासपोर्टसाठी काय लागेल ते लेखी मागवा. फोनवरचं तोंडी उत्तर चढताना कामाला येत नाही.

सान हुआन अमेरिकेचंच आहे. जहाज परत आलं की तुम्ही अमेरिकेत नव्याने शिरता, म्हणून व्हिसा अनेकवेळा प्रवेशाचा हवा आणि त्या दिवशीही मुदतीत हवा. चौघांचे तपासा, आईंचा जुना असेल तर जास्तच.

तुमच्या यादीत त्रिनिदाद असेल, किंवा पुढेमागे पनामा, कोलंबियाची क्रूझ घ्याल, तर पिवळ्या तापाची लस. या देशांतून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. ठरावीक केंद्रांवरच देतात, नोंदणी करून जावं लागतं. नुसत्या बार्बाडोससाठी हे नको.

उतरताना प्रत्येकाकडे स्वतःचं जहाजाचं कार्ड आणि एक फोटो असलेलं ओळखपत्र. बंदराच्या फाटकात दोन्ही बघतात. एकाच्या पाकिटात चौघांची कार्डं ठेवू नका. पासपोर्ट तिजोरीत, रंगीत झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो सोबत. आईंच्या बीपीच्या गोळ्या दोन दिवसांच्या पिशवीत असू द्या, फक्त दुपारच्या नव्हे.

मोबाईल विमान मोडवर. जहाजाचं उपग्रह नेटवर्क मिनिटाला जे लावतं ते बिल आल्यावरच कळतं.

---

नवी_पेठ_खाऊ

खाण्याचं. तिथे "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर मासे चालतात असं धरतात. "नो मीट, नो चिकन, नो फिश" असं तिन्ही नावं घेऊन म्हणा.

पोटभरीचं आणि स्वस्त म्हणजे रोटी. त्रिनिदादहून आलेला प्रकार, मैद्याची मोठी मऊ पोळी, आत बटाटा-छोल्यांची पिवळी करी, घडी घालून पाकिटासारखी देतात. मूळ आपल्याच गिरमिट्यांचं, म्हणजे करारावर तिकडे नेलेल्या मजुरांचं, खाणं, चवीला थोडी गोडसर. एक मोठ्या माणसाचं जेवण होतं, आईंना अर्धी पुरे. मॅकरोनी पाय म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, त्यात कधी अंडं असतं, विचारा. राइस अँड पीज निर्धोक वाटतो पण पुष्कळदा खारवलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवतात. न विचारता घेऊ नका. तळलेली केळी, नीरफणस मिळाला तर घ्या. शहाळं रस्त्यावर मिळतं.

टेबलावरची पिवळी बाटली मोहरीची वाटते, ती मिरचीची असते. स्कॉच बॉनेट मिरची आणि मोहरी. शेंगाचटणी खाणाऱ्या माणसानेही आधी थेंब घ्यावा.

जहाजावरची फळं, सँडविच, ताटातलं काही खाली न्यायचं नाही, कृषी नियम आहे, फाटकात काढून घेतात. कारखान्याचं सीलबंद बिस्किटाचं पाकीट चालतं.

समुद्राचं. कार्लाइल बे पश्चिमेकडच्या आडोशाला आहे, त्यामुळे लाटा लहान आणि तळ हळूहळू खोल जातो. किनारा सगळ्यांना खुला आहे, पण आईंसाठी खुर्ची-छत्री भाड्याने घ्या आणि स्वच्छतागृह असलेल्या क्लबाशेजारी बसा. आधी दर, मग बूड टेकायचं. याच खाडीत बुडालेल्या जुन्या जहाजांवर आणि समुद्री कासवांजवळ बोटीने नेतात. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि आधी अंगावर बांधून बघा. कासवाला हात लावायचा नाही. मंगळसूत्र, बांगड्या, चकाकणारं काही घालून पाण्यात उतरू नका. बाराकुडा नावाचा मासा चमक बघून झेपावतो, आणि खाऱ्या पाण्यात बोटं आक्रसली की अंगठी निसटते ती निसटतेच.

किनाऱ्यामागच्या झाडांत मँचिनील असतं. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, खोडाला बहुधा लाल पट्टा किंवा पाटी. फळ विषारी, चीक लागला तर फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलात तर पानावरून गळणाऱ्या पाण्यानेही भाजतं. आडोशाला आधी खोड बघा.

ऊन. पारा जानेवारीत २८-२९ च्या वर जात नाही, सोलापूरकर हसतील. पण वारा सतत असतो म्हणून कातडी भाजतेय हे कळत नाही, संध्याकाळी कळतं. पांढऱ्या वाळूवरून परत येणारं ऊन छत्रीखालीही लागतं. टोपी आणि क्रीम आईंनाही.

शिंपले-प्रवाळ उचलून आणू नका. प्रवाळ परवान्याशिवाय भारतात आणणं गुन्हा आहे. आणि पोहण्याच्या कपड्यांवर गावात फिरू नका, तिथे ते चांगलं दिसत नाही.

---

कंबरतलाव

गुहा रद्द. असं ठरवलंय: ९ ला मी आणि मुलगा चालत ओव्हलला. मिसेस आणि आई टॅक्सीने केरीनेजला, संसद वगैरे बघून किनाऱ्यावर. आम्ही ११ पर्यंत तिथे. पावणेतीनला चौघंही टॅक्सीने परत. चुकतंय का काही?

---

भुईकोट

तीन गोष्टी.

दोन तुकड्या होणार आणि रोमिंग नसणार, तेव्हा भेटण्याची जागा फोनवर अवलंबून ठेवू नका. "किनाऱ्यावर" म्हणजे दीड किलोमीटर वाळू आहे. क्लबाचं नाव आत्ताच ठरवा, कागदावर दोघांकडे असू द्या. ११:३० पर्यंत एक तुकडी आली नाही तर दुसरीने शोधायला निघायचं नाही, तिथेच बसायचं.

परतीची टॅक्सी सकाळच्याच ड्रायव्हरशी ठरवा, पैसे परतल्यावर. सव्वादोनची वेळ सांगा, पावणेतीनची नको. तो आला नाही तरी पलीकडे बे स्ट्रीटवर दुसरी मिळवायला अर्धा तास उरतो, आणि तीही नाही मिळाली तर तुम्ही दोघं चालत आणि आई-मिसेस "टू सिटी" बसने केरीनेजपर्यंत, तिथून टॅक्सी.

आणि ओव्हलची वेळ ईमेलने पक्की झाल्याशिवाय हा सगळा आराखडा कच्चाच धरा.

---

कंबरतलाव

नोंद केली. शेवटचं, टॉवेल इथून न्यावे का? घरात चार टर्किश पडलेत.

---

विजापूरवेस

टर्किश नको ओ, भिजला की दोन किलोचा होतो आणि खोलीत वाळत नाही. जहाजवाले उतरताना समुद्राचे टॉवेल देतात, पण कार्डावर नोंद करून; एक हरवला तर खात्यातून पैसे कापतात, आणि किनाऱ्यावर सगळ्यांचे एकाच रंगाचे असतात. खुर्चीला आपली काहीतरी खूण बांधा. आईंसाठी दोन पंचे घ्या, तासात वाळतात.